जुनं शंटिंग इंजिन जगवायचंय? रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

मध्य रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक फोन करतात. कुणाच्या कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे स्वतःच्या फाट्याच्या रुळावर, जुनं शंटिंग इंजिन (यार्डात डबे इकडचे तिकडे करणारं) उभं असतं, कुणा कॉलेजला गेटजवळ एखादं हवं असतं, कुणाला लिलावात मिळालेलं असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, रंग कुठला द्यायचा?" माझंही उत्तर ठरलेलं आहे. रंग सगळ्यात शेवटी. आधी पाणी थांबवा, मग चोर थांबवा, मग कागद गोळा करा. डिझेल इंजिन उन्हानं मरत नाही, पावसानं मरतं; आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो.

मी इथे मुख्यतः डब्ल्यूडीएस-6 या वर्गाच्या शंटिंग इंजिनाबद्दल लिहितोय, कारण माझे हात त्याच्यातच काळे झालेत. वाराणसीच्या डिझेल कारखान्यानं सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून बांधलेलं हे इंजिन. आत सहा सिलिंडर एका ओळीत, अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या 251 घराण्यातले, 1350 ते 1400 हॉर्सपॉवर. मेन जनरेटर वीज तयार करतो आणि सहा आसांवरच्या सहा ट्रॅक्शन मोटरी चाकं फिरवतात. आपल्या परळ वर्कशॉपमध्येही या वर्गाची इंजिनं बांधली गेली आहेत. नंबर 36 हजारांच्या मालिकेतला दिसला की समजायचं हेच ते.

दुसरं नेहमी भेटणारं म्हणजे डब्ल्यूडीएस-4. चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेलं, बुटकं, सहाच चाकांचं आणि बाजूला वाफेच्या इंजिनासारखे कपलिंग रॉड असलेलं. त्याच्यात ट्रॅक्शन मोटर नाही. कीलच्या माक कंपनीच्या धाटणीचं डिझेल आणि हायड्रॉलिक ट्रान्समिशन. बऱ्याच इंजिनांत मनमोहन सुरी या आपल्याच अभियंत्याच्या नावाचं सुरी ट्रान्समिशन आहे. दिसायला हे जास्त देखणं, पण जगवायला जास्त कठीण. का, ते पुढे सांगतो.

आधी ठरवा: उभं ठेवायचं की चालतं

हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्या. "आत्ता उभं ठेवू, पुढे बघू" म्हणणाऱ्यांचं इंजिन दोन पावसाळ्यांत कायमचं उभं राहतं. नुसतं उभंच ठेवायचं असेल तर खर्च छप्पर, कुंपण आणि रंग एवढाच. चालतं ठेवायचं असेल तर बॅटरी, तेल, रबर, माणसं आणि निदान दोनशे मीटर रूळ लागतो. मधला एक मार्ग मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतो: इंजिन सुरू करायचं नाही, पण उद्या कुणाला सुरू करावंसं वाटलं तर करता येईल अशा अवस्थेत ठेवायचं. पुढचं सगळं त्या हिशेबानं लिहिलंय.

चालतं ठेवायचं ठरवण्याआधी तीन गोष्टी बघा: क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा), मेन जनरेटर आणि बोगीची, म्हणजे खालच्या चाकं-आसांच्या सांगाड्याची, फ्रेम. बाकी जवळपास सगळं मिळतं. मेन लाइनवरच्या डब्ल्यूडीएम-2 आणि तिच्या भावंडांत हेच अल्को घराणं सोळा सिलिंडरांच्या रूपात होतं आणि ती इंजिनं देशभर हजारोंनी धावली. त्यामुळे सिलिंडर हेड, लायनर, पिस्टन, झडपा अजून भंगार बाजारात आणि जुन्या पुरवठादारांकडे सापडतात. पण सहा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट सोळावाल्यातून काढता येत नाही. तो वाकलेला किंवा त्याची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) खरवडलेली असतील तर इंजिन उभं ठेवायचंच म्हणून घ्या आणि मन मोकळं करा. डब्ल्यूडीएस-4 चं दुखणं याच्याही पुढचं. त्याचं ट्रान्समिशन उघडून परत जोडणारी माणसं आता हाताच्या बोटांवर आहेत. शेजारी सुट्या भागांसाठी दुसरं इंजिन मिळत असेल तरच चालतं ठेवायच्या भानगडीत पडा.

मिळवायचं कुठून

डिझेल इंजिनाचं कोडल आयुष्य, म्हणजे नियमानं ठरलेली वापराची मुदत, रेल्वे 36 वर्षं धरते. त्यात ब्रॉडगेजचं विद्युतीकरण झपाट्यानं झालं, मेन लाइनवरची मोठी डिझेल इंजिनं रिकामी झाली आणि तीच यार्डात शंटिंगला लावली गेली. मग जुन्या शंटरला, म्हणजे शंटिंग इंजिनाला, काम उरलं नाही. कंडेम झालेलं, म्हणजे निकामी ठरवलेलं, इंजिन रेल्वेच्या ई-लिलावात भंगार म्हणून जातं. संस्थेसाठी प्रदर्शनाला हवं असेल तर विभागीय रेल्वेला पत्र लिहून मागायचा वेगळा रस्ता आहे. त्याला वेळ लागतो, पण इंजिन पुरतं लुटलं जायच्या आत मिळण्याची शक्यता त्यातच जास्त.

लिलावात उतरलात तर लॉटच्या अटी शब्दन् शब्द वाचा. माल तोडून न्यायचा की अख्खा, किती दिवसांत उचलायचा, बॅटऱ्या आणि मोटरी लॉटमध्ये आहेत की आधीच काढल्यात, हे सगळं तिथे असतं. अख्खं न्यायची परवानगी लेखी घ्या. गेटवरचा माणूस तोंडी परवानगी मानत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

माझ्या मते खरी खाण कारखान्यांच्या सायडिंगवर आहे. औष्णिक वीज केंद्रं, खत कारखाने, सिमेंट, पोलाद, बंदरं अशा सगळ्यांनी स्वतःची शंटिंग इंजिनं बाळगली. रेल्वेत शंटर म्हातारा झाला की जातो. कारखान्यात मात्र नवीन घ्यायला पैसे मंजूर होत नाहीत म्हणून टिकतो. ब्रिटनमध्ये क्लास 08 या शंटिंग इंजिनांच्या बाबतीत असंच घडलं. 1952 ते 1962 या काळात 996 बांधली गेली, ताशी पंधरा-वीस मैलांच्या वर जात नाहीत, पण हौशी लोकांच्या हेरिटेज रेल्वेंना डबे इकडचे तिकडे करायला काहीतरी लागतंच. म्हणून ती भरपूर वाचली. आपल्याकडे वाराणसीत तिथेच बांधलेलं पहिलं डब्ल्यूडीएम-2 'कुंदन' जपून ठेवतात, ते योग्यच. पण रात्रभर यार्डात गाड्या लावणाऱ्या इंजिनाला हार घालायला कुणी येत नाही. तेव्हा कारखान्याचा मेंटेनन्स मॅनेजर गाठा. सायडिंग बंद व्हायच्या आधी गाठा, नंतर नाही.

आणताना

रुळावरून आणायचं असेल तर डेड, म्हणजे बंद, इंजिन म्हणून ओढून आणावं लागेल आणि त्याआधी रेल्वेचा माणूस तपासून फिट म्हणून सही करेल. त्याच्यावर विसंबू नका, आपणही बघा. हँडब्रेक सुटलाय का? ब्रेक ब्लॉक चाकाला चिकटलेत का? कित्येक महिने उभ्या इंजिनाचे ब्लॉक गंजून चाकाला असे धरतात की ओढायला लागलं की चाक फिरायच्या ऐवजी घसरतं आणि टायरवर सपाट डाग पडतो. रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा) मध्यावर आहे का? ट्रॅक्शन मोटरच्या सस्पेन्शन बेअरिंगमध्ये (ज्यांवर मोटर आसाला टेकते) तेल आहे का आणि आतली लोकरीची पॅडं ओली आहेत का? कोरडी पॅडं घेऊन पन्नास किलोमीटर गेलात तर बेअरिंगमधलं मऊ व्हाइट मेटल वितळतं. एखाद्या मोटरचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) जाम असेल तर तिचं पिनियन (टोकाचा छोटा गिअर) काढल्याशिवाय इंजिन हलवायचंच नाही. हायड्रॉलिक इंजिन असेल तर गिअर न्यूट्रलला आहे याची डोळ्यांनी खात्री करा; केबिनमधला दांडा न्यूट्रलला दिसतो, खाली गिअर दुसरीकडेच असतो.

रस्त्यानं आणायचं तर डब्ल्यूडीएस-6 चं वजन सव्वाशे टनांच्या आसपास आहे हे लक्षात ठेवा. वरचा भाग आणि दोन बोग्या वेगळ्या करून तीन ट्रेलरवर आणतात. उचलायच्या जागा फ्रेमवर ठरलेल्या असतात. क्रेनवाला "साहेब, इथूनच घेतो" म्हणाला तर काम थांबवा.

पाणी

आता मुख्य काम. इंजिन जागेवर आलं की त्याच दिवशी धुराड्यावर झाकण बसवा. पत्र्याची टोपी, कडेनं चार बोटं खाली येणारी, तारेनं घट्ट बांधलेली. ताडपत्री नको, ती फडफडते, फाटते आणि फाटक्या जागी पाणी साचून बरोबर आत गळतं.

धुराडं इतकं महत्त्वाचं का? ते थेट टर्बोवर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरांत हवा दाबणाऱ्या यंत्रावर, बसलेलं असतं. त्यातून पडलेलं पाणी टर्बोत, तिथून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) आणि तिथून ज्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप उघडी असेल त्यात जातं. सहा सिलिंडरांचं फोर-स्ट्रोक इंजिन कुठल्याही स्थितीत थांबलं तरी एखाद-दुसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप उघडीच राहते. म्हणजे वाट कायम मोकळी. पाणी पिस्टनच्या डोक्यावर साचतं, रिंगा लायनरला गंजून बसतात. आणि पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे अशा इंजिनाला कुणी उत्साहानं बॅटरी लावून क्रँक केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो नाहीतर हेड फुटतं. विदर्भातल्या एका सायडिंगवर मी हे झालेलं बघितलंय. चाळीस वर्षं चाललेलं इंजिन एका मिनिटात संपलं, तेही प्रमुख पाहुण्यांसमोर.

म्हणून बंद इंजिनाला पहिल्यांदा कधीही बॅटरीनं फिरवायचं नाही. आधी सहाही हेडवरचे कॉम्प्रेशन टेस्टचे प्लग उघडा. प्रत्येक भोकातून कपभर लुब ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी हातानं बारिंग करा, म्हणजे दांडा घालून क्रँकशाफ्ट हळूहळू फिरवा. एक माणूस दांड्यावर, दुसरा प्लगांवर नजर ठेवून. स्वच्छ भोकातून हवेचा फुसकारा येतो. पाणी असलेल्या भोकातून आधी गुरगुर ऐकू येते, मग गंजाची लाल पिचकारी उडते. चष्मा लावा आणि तोंड भोकाच्या सरळ रेषेत आणू नका. दांडा अडला तर जोर लावायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस थांबणं. महिनाभर हेच करून सुटलेली इंजिनं आहेत. दांड्याला लांब पाइप जोडून, चार पोरं लटकवून सोडवलेलं एकही धड राहिलेलं मला माहीत नाही.

सुटल्यावर दर महिन्याला बारिंग करायचं. दोन पूर्ण फेऱ्या आणि वर थोडं, म्हणजे झडपा आणि रिंगा दर वेळी वेगळ्या जागी थांबतील. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तारीख लिहायची सवय लावा, नाहीतर हे काम फक्त पहिले तीन महिने होतं.

थंड करण्याचं पाणी पूर्ण काढा. रेडिएटरचा ड्रेन उघडला म्हणजे झालं असं नाही. वॉटर पंप, लुब ऑइल कूलर, आफ्टरकूलर, टर्बोचं केसिंग आणि एक्स्प्रेसर (ब्रेकसाठी हवा दाबणारं आणि ओढणारं यंत्र) यांच्यात खालच्या कोपऱ्यांत पाणी राहतंच. जुन्या काळी या पाण्यात क्रोमेट घालत. पिवळसर पाणी निघालं तर हातमोजे घाला, ते विषारी असतं आणि गटारात सोडायचं नसतं. हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडे ठेवा. डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी काढा. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा चिकट थर तयार होतो आणि पुढे तोच फिल्टर भरून टाकतो.

वीज

मेन जनरेटर आणि ट्रॅक्शन मोटरींचे कार्बन ब्रश होल्डरमधून वर उचलून ठेवा. हे काम सगळे विसरतात. ब्रश टेकतो त्या तांब्याच्या फिरत्या गोलाला कम्युटेटर म्हणतात; दमट हवेत ब्रश महिनोन् महिने त्यावर टेकून राहिला की बरोबर त्याच्या मापाचा काळा-हिरवा चौकोन तिथे उठतो. बोट फिरवलं तर कडा जाणवते. तो डाग पुढे प्रत्येक फेरीला ठिणगी देतो. स्प्रिंग हलकेच उचला, ब्रश वर ओढा, स्प्रिंग त्याच्या बाजूला टेकवा. मोटरींच्या खालच्या ब्रशांपर्यंत जायला पिटची, म्हणजे रुळांखालच्या खड्ड्याची, गरज पडते. पिट नसेल तर रुळांमध्ये आडवं पडून करावं लागतं आणि पाठ दोन दिवस बोलते.

इन्सुलेशन 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) बघा. 1 मेगओहमच्या खाली असेल तर ओल आहे. जनरेटरच्या खोलीत शंभर वॉटचे दोन-तीन जुने तारेचे बल्ब आठवडाभर जळत ठेवले की आकडा वर येतो. एलईडी लावू नका, त्यांचा उजेड पडतो पण ऊब येत नाही. एका कॉलेजमधल्या मुलांनी अगदी हौसेनं एलईडीची माळ लावली होती. इंजिन दिसत सुंदर होतं.

बॅटऱ्या इंजिनात ठेवूच नका. 32 सेलचा संच, 64 व्होल्टचा. त्यातलं ॲसिड गळून पेटी आणि खालची फ्रेम खातं, शिवाय चोराचं पहिलं लक्ष तिकडेच. दुसरं लक्ष तांब्याच्या केबलवर. ट्रॅक्शन मोटरला जाणाऱ्या जाड केबल बोगीपाशी बाहेरून दिसतात आणि दोन माणसं एका रात्रीत कापून नेतात. तिथे जाळी वेल्ड करू नका, बोल्टनं बसवा आणि बोल्टची डोकी गोल करून टाका. फ्रेमवर वेल्डिंग केलं आणि अर्थ नीट लावला नाही तर करंट बेअरिंगमधून जातो, बेअरिंग खड्ड्याखड्ड्यांचं होतं.

उंदरांचा बंदोबस्त चोरांच्या खालोखाल. कंट्रोल कॅबिनेटच्या सगळ्या फटी बंद करा. उंदीर वायरींचं रबर खातो, उंदरामागे साप येतो, आणि मग कॅबिनेट उघडायला कुणी पुढे येत नाही.

जागा आणि छप्पर

चौथऱ्यावर मातीत, चारी बाजूंनी झेंडूचे वाफे, असं इंजिन उभं करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. रोज पाणी घातलं जातं आणि खालून ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा, गिअर केस सगळं सडतं. खडी टाका, पाण्याला उतार द्या, खडीवर स्लीपर आणि रूळ. दोन्ही टोकांना चाकांखाली पाचरी आणि रुळाच्या शेवटी बफर स्टॉप. वर पत्र्याचं छप्पर, बाजूनं वारा खेळता. छपराला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्या संस्थांनी तितकेच पैसे पुढे दर दोन-तीन वर्षांनी रंगावर घातलेले मी पाहिलेत.

थोडा रूळ असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर इंजिन दहा-पंधरा मीटर ढकलून हलवा, म्हणजे रोलर बेअरिंगचा भार जागा बदलतो. ढकलायच्या आधी सस्पेन्शन बेअरिंगमध्ये तेल.

आणि आता रंग

गंज खरवडायच्या आधी मूळ रंग शोधा. हूडच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तळहाताएवढी जागा निवडा. ओल्या पॉलिश पेपरनं गोल गोल घासत जा. वरचा थर जाईल, खालचा दिसेल, मग त्याच्या खालचा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे सगळे थर कडेकडेनं उघडे पडतात. प्रत्येक शेडचे रंग वेगळे होते, त्यामुळे हे इंजिन कुठे कुठे राहिलं ते या तुकड्यावरून कळतं. फोटो काढा आणि तो तुकडा तसाच ठेवा, त्याच्यावर रंग मारू नका. जुन्या थरांत शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. एक्झॉस्ट पाइपांवरच्या जुन्या पांढऱ्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती फाडू नका, त्या कामाचा जाणकार बोलवा.

सँडब्लास्टिंग करायचंच असेल तर मोटरी, जनरेटरच्या जाळ्या आणि ॲक्सल बॉक्स आधी घट्ट बांधून घ्या. वाळू आत गेली तर वरचं सगळं काम पाण्यात. बिल्डर प्लेट, ब्रेकच्या पिना, हॉर्न आणि काचेच्या गेजांवर रंग नको. आणि कृपा करून चाकं सोनेरी करू नका.

कागद आणि माणसं

इंजिनाबरोबर त्याची हिस्ट्री बुक मागा. कोणत्या साली कुठे बांधलं, कोणत्या शेडात होतं, पीओएच (ठरावीक काळानं होणारी मोठी दुरुस्ती) कधी झालं, क्रँकशाफ्ट कधी बदलला, हे सगळं त्यात असतं. इंजिन भंगारात जातं तेव्हा ही वही रद्दीत जाते, एकाच आठवड्यात. वायरिंगचे नकाशे मिळाले तर स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा.

माणसं शोधायला शेडच्या आसपासच्या वसाहतीत जा. तुम्हाला तिघं हवेत: एक पॉवर असेंब्लीवर (पिस्टन, लायनर, हेड यांवर) काम केलेला फिटर, एक इलेक्ट्रिकल फिटर आणि एक शंटर, म्हणजे इथे यार्डात शंटिंग इंजिन चालवलेला माणूस. शंटर का, तर इंजिन चालवणारे बरेच भेटतील, पण तिसऱ्या महिन्यात आवाज बदलला हे त्याच्याच कानाला कळतं. त्यांना कन्सल्टंट म्हणून कागदावर नेमा, येण्याजाण्याचं भाडं द्या, आणि त्यांच्यासोबत दोन तरुण मुलं कायम ठेवा, जी बारिंगचा दांडा धरतील आणि जे सांगितलं जातंय ते वहीत उतरवतील. फिटर बोलताना हातानं दाखवतो, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा. तो नको म्हणेल, तरी काढा.